भोकरदनची मूर्ती आणि कोशाचे दोन नियम

भोकरदन हे जालना जिल्ह्यातील केळणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच ठिकाणी ‘भोगवर्धन’ नावाचे भरभराटीचे नगर होते. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत या नगराचा उल्लेख येतो. १९७३ साली येथे उत्खनन झाले. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. या उत्खननात एका स्त्रीमूर्तीचा हस्तिदंती अवशेष मिळाला आणि अभ्यासकांना एकदम इटलीतील पॉम्पेईची आठवण झाली.

पॉम्पेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घराच्या अवशेषांत सुमारे २५ सेंटीमीटर उंचीची एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ही मूर्ती भारतात नेमकी कोठे घडली? कोणी मथुरेकडे बोट दाखवले. म. के. ढवळीकर यांनी ती भोकरदनला घडली असावी असे मत मांडले. मूर्तीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे आणि अफगाणिस्तानातील बेग्राम येथे मिळालेल्या हस्तिदंती कामाशीही तिचे साम्य आहे. त्यामुळे काहींनी वायव्येकडील प्रदेशाचा विचार केला.

आता अशी कल्पना करा, की भोकरदनमधील एक शिक्षिका नववीच्या मुलांना घेऊन ही सर्व हकीकत मराठी विकिपीडियावर लिहायला बसल्या आहेत. हेतू उत्तम आहे. पण पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर दोन नियम येतात. दुसऱ्याचा मजकूर उतरवू नका, हा पहिला. ज्यात तुमचा हितसंबंध आहे त्या विषयावर लिहिताना तो उघड करा, आणि शक्यतो तो लेख स्वतः लिहू नका, हा दुसरा. नव्या माणसाला हे नियम म्हणजे नसती आडकाठी वाटते. लिहिलेला परिच्छेद दुसऱ्या दिवशी वगळलेला दिसला, की मुले हिरमुसतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. वास्तविक हे दोन्ही प्रश्न संगणकाच्याही आधीचे आहेत. मराठीत कोश रचणाऱ्यांनी ते आपापल्या परीने सोडवले होते.

केतकर ते वाई

श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतले आणि त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे काम हाती घेतले. राजाश्रय नव्हता. त्यांनी मंडळी काढली, भागभांडवल उभे केले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. १९२०च्या दशकात कोशाचे २३ खंड निघाले. त्यांतील पाचवा प्रस्तावनाखंड ‘विज्ञानेतिहास’ हा आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने तो एकदा तरी चाळावा. केतकरांची मते ठाम होती आणि ती कोशात उमटली. परंतु संपादक कोण, पैसा कसा जमला, काम कोणत्या विचाराने झाले, हे त्यांनी लपवले नाही. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्यांनी या उद्योगाचा इतिहासच लिहून ठेवला. वाचकाला त्यांचे मत वजा करून माहिती घेण्याची सोय राहिली.

मराठी विश्वकोशाची तऱ्हा निराळी. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. वाई येथे विश्वकोशाचे काम सुरू झाले आणि पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, अनेक नोंदींखाली संदर्भग्रंथांची यादीही असते. वाक्य कोणाचे, हे नावावरून कळते. माहिती कोठली, हे यादीवरून कळते. लेखक निवडण्याची आणि त्याचे लेखन तपासण्याची जबाबदारी संपादक मंडळाची असते.

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी. येथे संपादक मंडळ नाही, नोंदीखाली सही नाही, आणि लिहिणाऱ्याची पदवी कोणी विचारत नाही. मग सहीचे आणि संपादकाचे काम कोण करणार? ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक बदल तारखेनिशी नोंदलेला राहतो. ‘चर्चा’ पानावर वाद घालता येतो. आणि हे दोन नियम आहेत. वाईच्या कार्यालयात जे काम अनुभवी संपादक करीत, ते येथे प्रत्येक लेखकाने स्वतःचे स्वतः करायचे असते.

पहिला नियम : जे आपले नाही ते देता येत नाही

भारतात स्वामित्वहक्काचा कायदा १९५७चा आहे. तो कल्पनेला किंवा वस्तुस्थितीला कुंपण घालत नाही, शब्दरचनेला घालतो. भोकरदनला १९७३ मध्ये उत्खनन झाले, ही वस्तुस्थिती सर्वांची आहे. ती कोणीही सांगावी. परंतु अहवालातील किंवा ढवळीकरांच्या लेखातील वाक्ये त्या त्या लेखकाची आहेत. दोनचार शब्द इकडचे तिकडे केल्याने ती आपली होत नाहीत. भाषांतर केले की मजकूर आपला झाला, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे, कारण भाषांतराचा हक्कसुद्धा मूळ लेखकाचाच असतो.

येथे शिक्षक एक रास्त शंका काढतात : ‘आम्ही वर्गात उतारा फळ्यावर लिहून देतो, ते चालते. मग कोशात का चालू नये?’ अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत करणे कायद्याला मान्य आहे, हे खरे. परंतु ती सवलत वर्गापुरती आहे. विकिपीडियावरील मजकूर एका खुल्या परवान्याखाली जगाला दिला जातो. मूळ लेखकांचा निर्देश करून आणि तोच परवाना पुढे चालू ठेवून, तो कोणीही उतरवू शकतो, बदलू शकतो, छापून विकूही शकतो. म्हणजे आपण तेथे एक परिच्छेद टाकतो, तेव्हा नुसती प्रत करीत नाही. आपण दानपत्र करीत असतो. शेजाऱ्याच्या शेताचे दानपत्र आपल्याला करता येईल का?

मग कोणता मजकूर मोकळा आहे? याचा हिशेब मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि ही ६० वर्षे पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. लेखक १९७० साली वारला असेल, तर हक्क ३१ डिसेंबर २०३० पर्यंत राहील. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये वारले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार होता, त्या सुमारास ती ६० करण्यात आली. केतकर १० एप्रिल १९३७ रोजी वारले. म्हणून त्यांच्या स्वतःच्या लेखनावरील हक्क जुन्या मुदतीनुसार १९८७ अखेरच संपला. ज्ञानकोशातील त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनाचा हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या मृत्युवर्षावरून करावा लागेल.

आता जिल्ह्याकडे वळू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना आणि भोकरदन हे भाग तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात होते, म्हणून जुनी माहिती त्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये शोधावी लागते. निजामाच्या राजवटीतील गॅझेटिअर १८८४चे आहे. ते केव्हाच मोकळे झाले. महाराष्ट्र शासनाचे गॅझेटिअर १९७७चे आहे. सरकारी प्रकाशनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे त्यावरील हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत आहे. पहिल्यातील परिच्छेद, त्याचा निर्देश करून, जसाच्या तसा घेता येईल. दुसऱ्यातून माहिती घ्यावी, संदर्भ द्यावा आणि वाक्ये आपली लिहावीत. ‘सरकारी आहे म्हणजे सर्वांचे आहे’ ही समजूत येथे उपयोगी पडत नाही.

हक्कदाराने आपणहून मजकूर मोकळा करणे, हाही एक मार्ग आहे. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश खुल्या परवान्याखाली दिला. तेव्हापासून त्यातील मजकूर योग्य तो निर्देश करून विकिपीडियावर वापरणे शक्य झाले. आपल्या गावचा स्थानिक इतिहास लिहिणारे एखादे ज्येष्ठ लेखक हयात असतील, तर त्यांना जाऊन भेटावे आणि रीतसर लेखी परवाना मागावा. ‘घ्या हो, काय त्यात!’ एवढ्या तोंडी शब्दावर काम भागत नाही.

छायाचित्रांनाही हेच लागू आहे. मुलाने स्वतः टिपलेले भोकरदनच्या टेकाडाचे छायाचित्र त्याचे स्वतःचे असते आणि ते तो देऊ शकतो. इंटरनेटवर शोधून मिळालेले छायाचित्र कोणाचे तरी असतेच, मग खाली नाव असो वा नसो.

दुसरा नियम : आपण कोणाच्या बाजूचे?

स्वामित्वहक्काचा भंग दोन मजकूर शेजारी ठेवले की दिसतो. हितसंबंध तसा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक अवघड. स्वतःविषयी, नातलगांविषयी, आपल्या संस्थेविषयी किंवा आपल्याला पगार देणाऱ्याविषयी लिहिताना माणूस खोटे बोलतोच असे नाही. परंतु काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे तो नकळत ठरवतो.

जालना हे बियाण्यांचे शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ही नोंद कोशात असायलाच हवी. आता समजा, कोणत्याही एका बियाणे कंपनीतील नोकरदाराने आपल्या कंपनीच्या वाणावर लेख लिहिला. त्यातील उत्पादनाचे आकडे बरोबर असतील, पण ज्या साली पीक बुडाले ते साल त्यात येईल का? उलट, त्याच कंपनीशी कोर्टात भांडणाऱ्या शेतकऱ्याने लेख लिहिला, तर चांगली साले त्यात येतील का? दोघेही प्रामाणिक असू शकतात, पण त्यांचे नाते वाचकाला ठाऊक नसते. म्हणून नियम असा आहे की, लिहिण्याबद्दल पैसे मिळत असतील तर ते कोणाकडून आणि कोणासाठी हे जाहीर केलेच पाहिजे. २०१४ पासून ही विकिमीडियाच्या वापराची अटच आहे. पैशाचा संबंध नसला तरी जवळचे नाते असेल, तर ते आपल्या सदस्य पानावर सांगावे. मग लेखाला हात न लावता चर्चा पानावर पुराव्यासह दुरुस्ती सुचवावी आणि ती दुसऱ्याने तपासून घालावी.

संशोधकांना यात नवल वाटू नये. शोधनिबंध पाठवताना संशोधनाला पैसा कोणी दिला आणि निष्कर्षात आमचा काही लाभ आहे का, हे आम्हाला लिहून द्यावे लागते. लाभ आहे म्हणून निबंध खोटा ठरत नाही. वाचकाला तराजूत किती पासंग आहे ते कळते, इतकेच. तरीही माझ्या विषयावरील एका लेखात माझ्याच निबंधाचा संदर्भ घालण्याचा मोह मला झाला होता. निबंध महत्त्वाचा आहे, असे मला मनापासून वाटत होते. अडचण नेमकी तीच होती. मी तो चर्चा पानावर सुचवला आणि गप्प बसलो.

भोकरदनच्या शिक्षिकेला तर ना पगार मिळतो, ना कंपनी सांभाळायची आहे. मग त्यांचा हितसंबंध कोणता? गावाचा अभिमान. ‘पॉम्पेईची मूर्ती आमच्या गावची’ हे वाक्य लिहिताना कोणाची छाती फुगणार नाही? अभिमानाला नियमाच्या भाषेत हितसंबंध म्हणत नाहीत, परंतु कोशाच्या वाक्यावर त्याचा परिणाम तसाच होतो. म्हणून वाक्य असे लिहावे लागेल : ढवळीकर यांच्या मते ही मूर्ती भोकरदनला घडली असावी. इतर अभ्यासकांनी मथुरा किंवा वायव्येकडील प्रदेश सुचवला आहे. यात गावाचा मान कमी होत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी या गावचा संबंध पॉम्पेईच्या मूर्तीशी जोडता येतो का, हा प्रश्न जगातील अभ्यासकांना गंभीरपणे विचारावासा वाटला, ही गोष्ट पुराव्यानिशी उभी राहते. ‘निःसंशय आमचीच’ हे वाक्य मात्र मथुरेचा पहिला वाचक आला की कोसळेल, आणि जाताना सोबतची खरी माहितीही संशयास्पद करून जाईल.

वर्गात करून पाहा

हे सर्व मुलांना नियम म्हणून सांगण्यापेक्षा करायला द्यावे. आपल्या गावावरील छापील मजकुराचा एक परिच्छेद निवडा. मुलांनी तो वाचावा, पुस्तक मिटावे आणि त्यातील वस्तुस्थिती सुट्या मुद्द्यांत लिहावी. दुसऱ्या दिवशी फक्त त्या मुद्द्यांवरून, पुस्तक न उघडता, स्वतःच्या वाक्यांत परिच्छेद लिहावा आणि प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या पानावरून घेतले ते टिपावे. मग दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून, कोठे शब्द तेच राहिले ते मुलांनीच शोधावे.

दुसऱ्या तासाला स्वतःच्या शाळेवर दहा ओळी लिहायला सांगा. त्या ओळी दुसऱ्या शाळेतील मुलांकडे पाठवा आणि ज्याला पुरावा नाही किंवा ज्यात नुसती स्तुती आहे, अशा शब्दांखाली रेघ मारून मागवा. परत आलेल्या कागदावर किती ओळी रेघेविना उरल्या, ते मुलांना मोजू द्या. उरलेल्या ओळी जपून ठेवा. कोशात जाण्याजोगा मजकूर तोच आहे. जिल्ह्यातील कितीतरी गावांवर मराठीत असा मजकूर अजून लिहून व्हायचा आहे.