राखेखालचा निखारा

श्रोतेहो, चुलीतली राख थंड दिसली म्हणून आत विस्तव नाही, असे घरातली जाणती बाई म्हणत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग असाच. विजेच्या तारेवर जसे रबर, तसे मज्जातंतूंवर आवरण असते. शरीराची रक्षकशक्तीच ते कुरतडते. मग दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात आणि पुष्कळदा काही आठवड्यांनी आराम पडतो.

पॅरिसच्या शार्को यांनी 1868 मध्ये या रोगाचे नीट वर्णन केले. पण तो निवला की आत धुमसतोच आहे, हे कळावे कसे? डॉक्टर रोग्याला चालवून पाहत, डोळे तपासत, रोगाने किती वेळा उचल खाल्ली ते मोजत. अमेरिकेच्या कर्ट्झके यांनी 1955 साली त्यासाठी गुणांची पट्टी केली. 1983 मध्ये ती सुधारली. शिक्षकबंधूंनो, इथे गुण जास्त, तितकी अवस्था वाईट! शंभर मीटर चालायला काठी लागली, की दहापैकी सहा.

1981 मध्ये लंडनला एमआरआय यंत्राने मेंदूतले डाग दाखवले. पुढे शिरेतून औषध टोचून ताजे डाग उजळू लागले. तेव्हा उमगले, की बाहेर उचल एक, तर आत नव्या जखमा अनेक.

हा काही परमुलखाचाच रोग नव्हे. मुंबईच्या पारशी समाजातली त्याची पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली.

“बरं वाटतंय, मग नाशिकला एसटीचं भाडं कशाला घालायचं?” असे सुरगाण्याचा रोगी म्हणेल. पण आजची औषधे नव्या जखमा कमी करतात. झालेली हानी सहसा भरून काढत नाहीत. म्हणून बरे वाटत असतानाच तारीख चुकवू नये.