जॉर्डन, बार्बरा

जॉर्डन, बार्बरा शार्लीन : (२१ फेब्रुवारी १९३६–१७ जानेवारी १९९६). अमेरिकन वकील, संसदपटू व प्रभावी वक्त्या. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून प्रतिनिधिगृहावर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांचा जन्म टेक्सस राज्यातील ह्यूस्टन शहराच्या फिफ्थ वॉर्ड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत झाला. वडील बेंजामिन हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते.

त्या काळी टेक्सस विद्यापीठात कृष्णवर्णीयांना पदवीपूर्व वर्गांत प्रवेश नसल्याने त्या टेक्सस सदर्न विद्यापीठात शिकल्या. तेथे टॉमस फ्रीमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वादविवादात नाव मिळवले. १९५६ मध्ये पदवी घेऊन त्या बॉस्टन विद्यापीठात गेल्या व १९५९ मध्ये कायद्याच्या पदवीधर झाल्या. काही काळ टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केल्यानंतर त्यांनी ह्यूस्टनला वकिली सुरू केली. सुरुवातीला आईवडिलांच्या घरातील जेवणाचे टेबल हेच त्यांचे कार्यालय होते.

१९६० मध्ये केनेडी-जॉन्सन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणूक प्रचारातून त्या राजकारणात आल्या. राज्य प्रतिनिधिगृहाच्या १९६२ व १९६४ च्या निवडणुकांत त्यांचा पराभव झाला. संपूर्ण हॅरिस काउंटीतून मतदान होत असल्याने कृष्णवर्णीय मतांचा प्रभाव पडत नसे. मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात असावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला. त्यानुसार फेररचना झाली आणि १९६६ मध्ये त्या टेक्ससच्या सिनेटवर निवडून आल्या. १८८३ नंतर तेथे बसणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय सदस्य होत. राज्याच्या किमान वेतन कायद्यासाठी त्यांनी प्रयत्न केले. १९७२ मध्ये त्या सिनेटच्या हंगामी अध्यक्ष झाल्या.

त्याच वर्षी त्या डेमोक्रॅटिक पक्षातर्फे अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या पाठिंब्याने त्यांना न्यायविषयक समितीत स्थान मिळाले. वॉटरगेट प्रकरणी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या चर्चेत, २५ जुलै १९७४ रोजी, त्यांनी केलेले भाषण देशभर गाजले. १७८७ मध्ये राज्यघटना तयार झाली तेव्हा तिच्यातील ‘आम्ही लोक’ या शब्दांत आपली गणना नव्हती; घटनादुरुस्त्या, घटनेचा अन्वयार्थ व न्यायालयीन निर्णय यांमुळे ती पुढे झाली, असे सांगून त्यांनी घटनेवर संपूर्ण निष्ठा व्यक्त केली. मग महाभियोगासंबंधीची घटनाकारांची मते व निक्सन यांचे वर्तन त्यांनी मुद्द्यागणिक ताडून पाहिले. समितीने महाभियोगाची शिफारस केल्यावर ९ ऑगस्ट रोजी निक्सन पायउतार झाले. १९७५ मध्ये मतदान हक्क कायद्याची मुदत वाढवताना टेक्सस व स्पॅनिशभाषक मतदार यांना त्याचे संरक्षण मिळवून देण्यात जॉर्डन यांचा मोठा वाटा होता. १९७६ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात बीजभाषण करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

१९७९ मध्ये प्रतिनिधिगृह सोडून त्या ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारामुळे पुढे चाकांची खुर्ची वापरावी लागली, तरी १९९२ च्या पक्ष अधिवेशनात त्यांनी पुन्हा बीजभाषण केले. १९९४ मध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. स्थलांतर धोरणविषयक राष्ट्रीय आयोगाच्याही त्या अध्यक्ष होत्या. ऑस्टिन येथे त्यांचे निधन झाले. टेक्सस राज्य स्मशानभूमीत दफन झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत.

ज्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांना दीर्घकाळ वगळले, तिच्याच आधारे सत्ताधीशांना जाब विचारता येतो व वंचितांचे हक्क वाढवता येतात, हे जॉर्डन यांनी वकिली शिस्तीने सिद्ध केले. अमेरिकी लोकशाहीला त्यांचे हे मोलाचे योगदान आहे.