एका चाचणीपुरते कोठार

नोव्हेंबर २०१० मध्ये गिटहब या अमेरिकन संस्थेत एक विलक्षण अपघात झाला. जगभरचे आज्ञावलीकार आपले काम या संस्थेच्या संगणकांवर ठेवीत असत. तेथे आज्ञावलीच्या चाचण्या यंत्राकरवी आपोआप चालत, आणि चाचणीपूर्वी डेटाबेस पुसून नव्याने मांडावयाचा, असा शिरस्ता होता. त्या दिवशी जुळणीतील एका चुकीमुळे चाचणीने जो डेटाबेस पुसला, तो संस्थेचा खराखुरा, चालता डेटाबेस निघाला. राखून ठेवलेल्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करावा लागला. चाचणीने आज्ञापालनात तिळमात्र कसूर केली नव्हती. कोणते दार ठोठवावयाचे, एवढेच तिला चुकीचे सांगितले गेले होते.

वस्तुतः डेटाबेस सर्व्हरची जडणघडण अशा घाईच्या कामासाठी झालीच नव्हती. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये सारण्यांच्या रूपाने माहिती मांडण्याची उपपत्ती प्रसिद्ध केली; पुढे बर्कली येथे मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस हा प्रकल्प आरंभिला. या परंपरेतील सर्व्हर म्हणजे कोठीवरचा कोठावळा. एकदा चावी हाती घेतली की त्याने महिनोन् महिने जागेवर बसावे आणि आल्यागेल्याला माप घालावे. त्याला दिवसातून शंभरदा कामावर घ्यावे नि शंभरदा निरोप द्यावा, असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये, एका विमानप्रवासात, जेयुनिट हे चाचणीचे साधन रचले, आणि अशा साधनांमुळे नेमकी तीच पाळी आली. सर्वांनी एकच डेटाबेस वापरावा, तर एकाच्या उरलेल्या नोंदीने दुसऱ्याची चाचणी नासते. आणि दोष मात्र निरपराध आज्ञावलीच्या माथी येतो.

रिचर्ड हिप यांनी कोठावळ्यालाच रजा दिली. अमेरिकन नौदलाच्या विनाशिकेवरील एका कामात, डेटाबेस सर्व्हर बंद असला की त्यांची आज्ञावली अडून बसे आणि बोल तिलाच लागे. तेव्हा सर्व्हर हवाच कशाला, या विचारातून २००० मध्ये एस्क्यूलाइट जन्मास आले. त्यात सारा डेटाबेस एका फाइलीत मावतो. चाचणीला ही सोय मोठी मोहक वाटली; परंतु तो मोह पुरता निर्दोष नव्हे. आकड्याच्या रकान्यात अक्षरे लिहिली, तरी एस्क्यूलाइट सहसा ती मुकाट्याने ठेवून घेते, आणि पोस्टग्रेस ती फेटाळते. चाचणी एकापुढे द्यावयाची व काम दुसऱ्यापुढे करावयाचे, तर त्या उत्तीर्णतेला किंमत ती काय?

म्हणून खऱ्याच सर्व्हरची एक अल्पायुषी आवृत्ती चाचणीकाराच्या यंत्रावर उभी करण्याची रीत रुजली. पोस्टग्रेसमध्ये 'इनिटडीबी' ही आज्ञा कोरे कोठार मांडते, 'पीजी-सीटीएल' सर्व्हर चालू करते. नेहमीचे ५४३२ हे पोर्ट टाळून एखादे मोकळे पोर्ट घ्यावयाचे, आणि काम सरताच कोठारासकट सारे मोडून टाकावयाचे. ऐकावयास हे सोपे आहे. पण सर्व्हर सुरू झाला म्हणजे तो लगेच मागणी घेण्यास सिद्ध झाला, असे नव्हे. अधीर चाचणी आधीच दार ठोठावते आणि अपयशी ठरते. सिद्धता होईपर्यंत थांबणे हा 'पीजी-सीटीएल'चा सर्वत्र मूळ नियम झाला तो २०१७ मध्ये, दहाव्या आवृत्तीत.

बंद करणे त्याहून नाजूक. पूर्वीचा मूळ नियम सौजन्याचा होता: शेवटचा ग्राहक आपण होऊन उठेपर्यंत वाट पाहावयाची. एखादी विसराळू चाचणी आपली जोडणी तशीच उघडी ठेवून गेली, तर हे सौजन्य संपतच नसे. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ग्राहकांना उठवून, हिशेब नीट मिटवून कोठी बंद करणे हा मूळ नियम ठरला. हिशेबही न मिटवता तडकाफडकी बंद करण्याची तिसरी तऱ्हा आहे. जे कोठार मोडावयाचेच आहे, त्याला ती पुरते.

२०१३ मध्ये डॉकर आले, आणि २०१५ च्या सुमारास टेस्टकंटेनर्स या साधनाने सर्व्हर बंद पेटीतून उभा करण्याचे काम चाचणीच्याच हाती दिले. चाचणीच मध्ये कोसळली तर मागचे कोणी आवरावयाचे, हा प्रश्न तरी उरलाच. त्यासाठी त्यांनी एक वेगळा राखणदार नेमला. चाचणीशी असलेला त्याचा दुवा तुटला की तो थोडा वेळ थांबतो, आणि तिने मागे ठेवलेल्या पेट्या एकेक करून काढून टाकतो.