जुन्या कम्प्युटरला पेन ड्राइव्ह दिसत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी हे वाचा

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं मुख्यालय. फॉर्म, दाखले, फोटो अशा कामांसाठी आसपासच्या गावांतून लोक इथे पेन ड्राइव्ह खिशात घालून येतात. दुकानातला कम्प्युटर जुना असला की स्क्रीनवर मेसेज येतो: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? इथे ‘नाही’च दाबा. ‘हो’ म्हटलंत तर आतला डेटा जातो आणि बऱ्याचदा पेन ड्राइव्ह मुळात बिघडलेलाच नसतो.

मग अडतं कुठे? ३२ जीबीपेक्षा मोठी मेमरी कार्डं आणि अनेक मोठे पेन ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. ही पद्धत २००६ मध्ये आली, तर विंडोज एक्सपी २००१ मधलं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी वेगळं अपडेट नंतर दिलं, पण ते टाकलेलं नसेल तर एक्सपीला ही डिस्क कोरीच वाटते. उपाय सोपा आहे. तोच पेन ड्राइव्ह नव्या कम्प्युटरला लावा, सगळा डेटा कॉपी करून घ्या आणि त्यानंतरच ‘फॅट३२’ मध्ये फॉरमॅट करा. फक्त त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, त्यामुळे लग्नाचा अख्खा व्हिडिओ अडकू शकतो.

काहीच मेसेज येत नसेल तर त्याच पोर्टला माऊस लावून बघा. माऊसही चालला नाही तर दोष पोर्टचा. सीपीयूच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचं पोर्ट भरवशाचं, कारण ते थेट मदरबोर्डवर असतं. पोर्टेबल हार्ड डिस्कला तर मागेच लावा: यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतं, ३.० पोर्ट ९००. वीज कमी पडली की डिस्क टिकटिक करत राहते.

ऑफिसातल्या कम्प्युटरवर आणखी एक गंमत होते. पेन ड्राइव्हला मिळणारं अक्षर नेटवर्कवरच्या फोल्डरने आधीच घेतलेलं असतं. ‘माय कम्प्युटर’वर राइट क्लिक, मग ‘मॅनेज’ आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’. तिथे ड्राइव्ह दिसला तर अक्षर बदला, काम झालं.

दोन-तीन वेगवेगळ्या कम्प्युटरवरही तो दिसत नसेल, तर मात्र बिघाड पेन ड्राइव्हमध्येच आहे. पुन्हा पुन्हा लावू नका, वाकवू नका. डेटा महत्त्वाचा असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि आधी काय काय करून पाहिलं तेही त्याला सांगा.