जर्मन भाषेचें श्रवणशिक्षण

महाराष्ट्रांत जर्मन भाषेचा परिचय प्रथम डोळ्यांनीं झाला. संस्कृताच्या अभ्यासकांस जर्मन पंडितांचे ग्रंथ वाचणें भाग असे. बोलण्याची निकड क्वचितच पडे. त्यामुळें अर्थ कळे, पण उच्चार मुका राही.

वेदपठणाची परंपरा याच्या उलट आहे. तींत आधीं कान, मग जीभ. हाच क्रम पुढें यंत्रानें परत आणला. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ सिद्ध केला. १८८७ सालीं हॅनोव्हर येथें जन्मलेल्या एमिल बर्लिनरनें तबकडीचा ग्रामोफोन पुढें आणला. मग भाषापाठांच्या तबकड्या निघाल्या. १९५३ सालीं सुरू झालेल्या डॉइच वेले या जर्मन नभोवाणीनें १९५७ पासून जर्मन शिकविण्यास आरंभ केला.

जालन्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९८१ सालीं त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. अंबड वा भोकरदन येथील विद्यार्थ्याचा जर्मन गुरु दूर असला, तरी त्याचा आवाज घरीं येऊं शकतो. मराठी माणसास एक सोयही आहे : ‘चाक’ या शब्दांतील ‘च’ जर्मन भाषेंतील दांताच्या नांवाच्या, ‘त्सान’च्या, आरंभीं जसाच्या तसा ऐकूं येतो. परंतु ‘शोन’ म्हणजे ‘आधींच’. आणि जीभ ‘ए’च्या जागीं ठेवून ओठ ‘ओ’सारखे वाटोळे केले कीं तोच शब्द ‘सुंदर’ होतो. देवनागरींत या स्वरास अक्षर नाहीं. त्याची ओळख कानालाच पटते.

मात्र तबकडी ऐकविते, ऐकत नाहीं. चुकलेला स्वर सुधारण्यास शेवटीं समोर माणूसच लागतो.