स्लाईडचे सादरीकरण व्हिडिओत कसे उतरवावे : वऱ्हाडातील धर्मग्रामांसाठी माहिती

धर्मशिक्षणाचे वर्ग, विवाहपूर्व तयारीची शिबिरे, तपकाळातील क्रूसाची वाट अशा अनेक प्रसंगी संगणकावरील स्लाईडचे सादरीकरण आपल्या धर्मग्रामांत रूढ झाले आहे. ते तयार करणारा युवक किंवा धर्मभगिनी बहुधा अमरावतीस वा अकोल्यास असते. ते पाहू इच्छिणारे भाविक मात्र मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडील पाड्यांवरही विखुरलेले आहेत. तेथे संगणक नसतो, मोबाईल फोन असतो. पाठविलेली फाईल त्या फोनवर उघडली तर अक्षरे विस्कटलेली, चित्रे जागा सोडून सरकलेली आणि संगीत मुके, असा अनुभव अनेकांना येतो. यावर सोपा उपाय म्हणजे सादरीकरणाचे व्हिडिओत रूपांतर करून तो पाठविणे. मात्र हे काम घाईने केले तर उपयोग थोडा आणि निराशा अधिक होते, म्हणून त्याविषयी काही माहिती येथे देत आहोत.

प्रथम अक्षरे का विस्कटतात ते पाहू. सादरीकरणाच्या फाईलमध्ये अक्षरांचे चित्र नसते, फक्त कोणते अक्षर कोणत्या फाँटमध्ये दाखवावयाचे याची नोंद असते. तो फाँट समोरच्या यंत्रावर नसेल तर ते दुसरा वापरते. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तर आतून इंग्रजी अक्षरांच्याच खुणांनी साठविलेला असतो. त्यामुळे प्रार्थनेच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. धर्मग्रामांच्या कपाटांतील कित्येक जुन्या सीडींवर अशाच फाईली आहेत. व्हिडिओत प्रत्येक स्लाईड चित्ररूप होते, म्हणून फाँटचा प्रश्नच उरत नाही.

परंतु रूपांतराने एक गोष्ट हरवते, ती म्हणजे स्लाईडजवळ उभा राहून बोलणारा माणूस. चित्र आणि निवेदक यांची जोडी फार जुनी आहे. सतराव्या शतकात युरोपात ‘जादूचा कंदील’ निघाला. काचेवरील चित्र दिव्याच्या प्रकाशाने भिंतीवर मोठे करून दाखविणारे हे यंत्र. येशूसंघीय पंडित अथानासिउस किर्खेर यांच्या ग्रंथाच्या १६७१ सालच्या आवृत्तीत त्याची चित्रे आहेत. महाराष्ट्रात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने अशाच काचचित्रांचे खेळ सुरू केले. त्यांत पौराणिक कथा निवेदन व संगीत यांच्या साथीने उलगडत असत. चित्रपटाच्या आधीची ही करमणूक होती. तिच्यात बोलणारा माणूस चित्राइतकाच महत्त्वाचा होता.

आजच्या स्लाईडवरही चार ओळी लिहिलेल्या असतात आणि बाकीचे सारे वक्ता सांगतो. पॉवरपॉइंटमध्ये २०१० च्या आवृत्तीपासून व्हिडिओ तयार करण्याची सोय आहे. वेळ ठरवून दिली नसेल तर ती प्रत्येक स्लाईड पाच सेकंद दाखवते. असा मुका व्हिडिओ पाठविणे म्हणजे प्रवचनकार वगळून त्याची टिपणवही पाठविण्यासारखे आहे. आमच्या मते ज्या सादरीकरणात आवाज नाही, त्याचा व्हिडिओ करूच नये. पीडीएफ पाठविलेली बरी. तीत अक्षरे शाबूत राहतात आणि वाचणारा आपल्या गतीने वाचतो.

आवाजाचे मोल वऱ्हाडास नव्याने सांगावयास नको. शेंडगावचे संत गाडगे महाराज वऱ्हाडीत कीर्तन करीत आणि प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. मुंबईत ८ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढे २० डिसेंबरला त्यांचे देहावसान झाले. ते मुद्रण झाले म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. निवेदन करणाऱ्यांनी त्यांच्याकडून एक गोष्ट अवश्य घ्यावी. मध्ये प्रश्न विचारावा आणि क्षणभर थांबावे. पाड्यावर दहा माणसे एका फोनभोवती बसली असतील, तर त्या थांबण्यात तेथील धर्मशिक्षकाला बोलण्यास जागा मिळते.

प्रत्यक्ष कृती कठीण नाही. सादरीकरण पूर्ण झाल्यावर ‘रेकॉर्ड’ या सोयीने पहिल्या स्लाईडपासून बोलत पुढे जावे. पॉवरपॉइंट प्रत्येक स्लाईडचा आवाज वेगळा साठवते. एका ठिकाणी चूक झाली तर तेवढीच स्लाईड पुन्हा बोलावी. एका स्लाईडवरून दुसरीवर जात असताना मात्र आवाज मुद्रित होत नाही. म्हणून पान बदलण्याआधी व नंतर क्षणभर थांबावे, अन्यथा वाक्याचे शेपूट तुटते. मुद्रण पंखा बंद करून करावे. अकोल्याच्या मे महिन्यात ही सूचना निष्ठुर वाटेल, तेव्हा पहाटेची वेळ निवडावी. नंतर ‘फाईल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘क्रिएट अ व्हिडिओ’ या क्रमाने जावे, मुद्रित वेळा व निवेदन वापरण्याचा पर्याय निवडावा आणि एमपी४ प्रकारात साठवावे. या कामास बराच वेळ लागतो. वीज जाण्याचा संभव असेल तर ते लॅपटॉपवर, बॅटरी पूर्ण भरून करणे श्रेयस्कर. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना अशी थेट सोय मिळत नाही. त्यांनी स्लाईड चित्ररूपात साठवून ओपनशॉटसारख्या मोफत साधनात आवाजासह जोडाव्यात.

क्रूसाच्या वाटेचे उदाहरण घेऊ. चौदा स्थाने, आरंभीची व अखेरची प्रार्थना मिळून सोळा स्लाईड होतात. प्रत्येकीस दीड मिनिट धरल्यास चोवीस मिनिटे. बोलण्याच्या आवाजास सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, म्हणजे मिनिटाला सुमारे अर्धा एमबी आणि एकूण बारा एमबीच्या आत. स्थिर चित्रांची भर त्यामानाने थोडी असते. हलती पार्श्वभूमी आणि उडणारी अक्षरे मात्र फाईल फुगवितात. १२८० बाय ७२० हे आकारमान फोनला पुरेसे आहे. तरीही फाईल मोठी झाल्यास हँडब्रेक या मोफत साधनाने ती लहान करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठविल्यास तो आणखी दाबला जाऊन बारीक अक्षरे पुसट होतात. दस्तऐवज म्हणून पाठविल्यास जशाचा तसा पोहोचतो; २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाईल अशी पाठविता येते. नेटवर्क दुर्बळ असेल तेथे मेमरी कार्ड किंवा ब्लूटूथ अजूनही उपयोगी आहे. एका स्लाईडवर पाच-सहा ओळींहून अधिक मजकूर नसावा. तळहाताएवढ्या पडद्यावर तो आजीआजोबांना वाचता येत नाही.

मेळघाटासाठी आणखी एक लाभ आहे. स्लाईड त्याच ठेवून निवेदन मराठीत एकदा आणि कोरकूत एकदा मुद्रित करता येते. कोरकू बोलणाऱ्या धर्मशिक्षकाने मजकूर वाचून दाखविण्यापेक्षा आपल्या शब्दांत सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आम्हाला हाच मार्ग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खरे तर मराठी निवेदनाआधी यालाच हात घालावा.

चित्रे व गीते घेताना हक्कांचा विचार करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्यास वा वाजविण्यास सूट आहे. तेच गीत कॅसेटवरून उचलून व्हिडिओत घालणे व सर्वत्र पाठविणे ही वेगळी गोष्ट आहे, त्यास परवानगी लागते. आपल्या गायनवृंदाकडून गीत गाऊन घेतले तरी गीतकार व संगीतकार यांना विचारणे आवश्यक असते. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात. भारतीय शैलीत ख्रिस्तजीवन रंगविणारे आंजेलो द फोन्सेका १९६७ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०२७ च्या अखेरपर्यंत आहेत. युरोपातील जुन्या चित्रकारांच्या कृतींना ही अडचण नाही.

व्हिडिओ झाला म्हणून मूळ फाईल पुसू नये. व्हिडिओतील एक अक्षरही नंतर बदलता येत नाही. पुढील वर्षी तारीख, वाचन किंवा एखादे चित्र बदलावयाचे झाल्यास मूळ सादरीकरणच लागते. ते युनिकोड फाँटमध्ये करून, निवेदनासह, धर्मग्रामाच्या कार्यालयात व दुसऱ्या एका ठिकाणी जपून ठेवावे.