कोल्हापूरचे नारळीकर आणि काळाबरोबर बदलणारे कृष्णविवर

कृष्णविवरांच्या इतिहासातला कोल्हापूरचा धागा जयंत नारळीकरांच्याही आधी सुरू होतो. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर १९०८ साली कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला शिकले आणि १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवू लागले. सापेक्षतावादाच्या भारतातील संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते.

१९१६ साली कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांची जी उकल प्रसिद्ध केली, तिच्यात दोन सममिती होत्या: ताऱ्याबाहेरचे गुरुत्व सर्व दिशांना सारखे आणि सर्व काळी सारखे. पुढे १९२३ साली बर्कहॉफ यांनी सिद्ध केले की, ताऱ्याबाहेर केवळ पोकळी असेल तर पहिल्या सममितीतून दुसरी अटळपणे येते.

पण खरा तारा प्रकाशतो! एकट्या सूर्याचे वस्तुमान प्रकाशावाटे दर सेकंदाला सुमारे ४० लाख टनांनी घटते. त्याच्याभोवती निव्वळ पोकळी नाही. तिथून प्रकाश वाहतो आहे. मग गोलाकार सममिती राखून काळाची सममिती मोडता येईल काय?

१९४२ साली, ‘चले जाव’च्या धामधुमीत, प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे तरुण गुजराती गणिती नारळीकरांकडे संशोधनासाठी बनारसला आले. प्रकाशणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाची त्यांची उकल १९४३ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आली. तिच्यात वस्तुमान स्थिर न राहता काळानुसार बदलते. महायुद्धाच्या त्या वर्षांत तिची फारशी दखल घेतली गेली नाही. क्वेसारांच्या शोधानंतर प्रचंड ऊर्जा ओतणाऱ्या वस्तूंचे गणित निकडीचे झाले, आणि १९६५ साली अमेरिकी संशोधकांच्या एका निबंधाच्या शीर्षकातच वैद्यांचे नाव आले. उकल वैद्यांची, नाव त्यांचेच. गुरूचे नाव मात्र अभ्यासकांपुरतेच उरले.

हीच उकल उलट दिशेने वापरली, म्हणजे प्रकाश आत पडू दिला, की वाढते कृष्णविवर मिळते. १९७४ साली हॉकिंग यांनी कृष्णविवरेही झिजतात असे मांडल्यावर त्या झिजेच्या अभ्यासातही ती उपयोगी पडली. त्याच वर्षी, १९३८ साली कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंतरावांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला धाडली होती, हा योगायोगही गमतीचा.

आता प्रश्न निरीक्षणाचा. कृष्णविवराच्या सावलीचा आकार त्याच्या वस्तुमानावर ठरतो; वस्तुमान वाढते असेल, तर सावलीही हळूहळू फुगली पाहिजे. एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिली. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे साडेसहा अब्ज पट आहे. त्यापुढे वर्षाकाठी पडणारी भर इतकी नगण्य, की सावलीतला तो फरक टिपणे आजच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर आहे.